उघड्या मुळांची स्ट्रॉबेरी: किती मातीत, किती मातीवर

पहिल्यांदा रोपं घरी आली तेव्हा आईने ती ओल्या कचऱ्याच्या बादलीत टाकायला घेतली होती. तिचा दोष नव्हता. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली, रबर लावलेली जुडी. वर दोन-चार मलूल पानं, खाली तपकिरी दोऱ्यांचा गुंता. फ्रीजच्या तळाशी आठवडाभर विसरलेली मेथी अशीच दिसते. "अगं, स्ट्रॉबेरी आहे ती," म्हटल्यावर तिने जुडी उलटीपालटी करून बघितली आणि विचारलं, "आणि याचे पैसे दिलेस?"

दिले होते. वाईजवळच्या एका रोपवाटिकेतून मावसभावाने आणलेली वीस रोपं होती. त्यातली सहा जगली. पुढच्या ऑक्टोबरात पुन्हा वीस आणली, पुण्यातल्या त्याच अंगणात, त्याच मातीत लावली, आणि अठरा जगली. मधल्या वर्षात मी काही बागायतदार झालो नव्हतो. दुसऱ्या वेळी रोप बोटभर वर बसवलं, एवढाच फरक. त्या बोटभर अंतरात एवढं काय आहे हे सांगायचं, तर ती जुडी म्हणजे नेमकी काय चीज आहे तिथून सुरुवात करावी लागेल.

जुडी येते कुठून

नर्सरीतून गुलाब आणतो तो काळ्या पिशवीत, मातीच्या गोळ्यासकट. उघड्या मुळांचं रोप म्हणजे जमिनीतून काढून, माती झटकून, नुसत्या मुळांवर दिलेलं रोप. बाहेर याला 'बेअररूट' म्हणतात. आपल्याकडे रोपवाटिकेत 'रनर' म्हटलं की समोरच्याला कळतं, आणि तो शब्द जास्त खराही आहे, कारण त्यात रोपाचा जन्म सांगितलेला आहे.

स्ट्रॉबेरीच्या झाडाला ऊब आणि मोठा दिवस मिळाला की ते जमिनीलगत लांब, बारीक दोऱ्या सोडतं. त्या दोरीवर पेरं असतात. पहिलं पेर बहुधा नुसतंच, दुसऱ्या पेरावर छोटं रोप. पुन्हा एक रिकामं, पुन्हा एक रोप. प्रत्येक बाळ रोप मातीला टेकलं की मुळं सोडतं, आणि दोरी तोडली की ते आईच्या गुणांची हुबेहूब नक्कल म्हणून स्वतंत्र जगायला मोकळं. बियांपासून हे साधत नाही. बाजारातली स्ट्रॉबेरी मुळातच संकरित आहे; तिचं बी लावलं तर झाड येईल, पण ते आईसारखं निघेल याची खात्री नाही. म्हणून ऑनलाइन मिळणारी 'लाल, निळी, काळी स्ट्रॉबेरी बियाणं' ही पाकिटं बघितली की मला हसू येतं. निळी स्ट्रॉबेरी जगात नाही.

महाबळेश्वर-पाचगणीचं सगळं गणित या दोऱ्यांवर चालतं. तिथल्या स्ट्रॉबेरीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, देशातली बहुतेक स्ट्रॉबेरी याच टापूतून येते, पण झाडांचं माहेर बरंचसं परदेशात आहे. कॅलिफोर्नियातून 'मदर प्लांट' येतात, तेही उघड्या मुळांचेच. परदेशी मातीबरोबर तिथले रोगही येतात, त्यामुळे मातीसकट रोप देशात येऊ देत नाहीत. शिवाय मातीचं वजन विमानाने कोण आणणार? ते मदर प्लांट पावसाळ्यात वाई आणि आसपासच्या रोपवाटिकांमध्ये वाढवतात. महाबळेश्वरात का नाही? तिथे पावसाळ्यात पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, त्यात कोवळं रोप सडून जाईल. घाटाखाली पाऊस कितीतरी कमी. तिथे एकेका मदर प्लांटपासून भरपूर रनर निघतात, ते सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये घाट चढून शेतात जातात, आणि त्यातल्याच काही जुड्या आपल्यासारख्या हौशी लोकांच्या हाती लागतात.

उघड्या मुळांच्या रोपांचे दोन प्रकार आहेत आणि ते एकमेकांत मिसळले की गोंधळ होतो. पहिला प्रकार गाढ झोपलेल्या रोपांचा. थंड प्रदेशात पानं झडल्यावर रोप उपटतात, उणे एक-दोन अंशांच्या शीतगृहात महिनोन्‌महिने ठेवतात, आणि लावणीच्या वेळी बाहेर काढतात. याला पानं जवळजवळ नसतातच. दुसरा प्रकार आपल्याकडच्या जुडीचा, ताज्या उपटलेल्या, पानांसकट आलेल्या रनरचा. हे रोप झोपलेलं नसतं, जागं असतं आणि तहानलेलं असतं. पानांतून पाणी उडत असतं आणि ते भरून काढणारी बारीक मुळं उपटताना तुटलेली असतात. परदेशी व्हिडिओंमध्ये 'रोप फ्रीजमध्ये दोन आठवडे ठेवा, काही होत नाही' म्हणतात ते पहिल्या प्रकाराबद्दल. आपली जुडी आली की त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लावायची.

क्राऊन

जुडीतलं एक रोप हातात घ्या. मुळांचा झुपका जिथे संपतो आणि पानांचे देठ जिथे सुरू होतात, तिथे बोटाच्या पेराएवढा कडक, तपकिरी तुकडा लागेल. हा क्राऊन. पुष्कळांना तो मुळाचा भाग वाटतो, पण ते खोड आहे. उसाचं कांडं डोळ्यांसमोर आणा: पेर, पेरावर डोळा, पुन्हा पेर. आता कल्पनेत तो सहा फुटांचा ऊस वरून दाबत दाबत इंचभर करून टाका. पेरं एकमेकांवर चिकटून बसली. स्ट्रॉबेरीचा क्राऊन असा असतो. प्रत्येक पेरातून एक पान निघतं, आणि प्रत्येक पेराच्या बुडाशी नवीन मुळं फुटायची तयारी असते. अगदी वर, कोवळ्या पानांच्या घडीत, वाढीचा डोळा असतो. तिथूनच पुढची पानं येणार आणि फुलंही.

आता बोटभर अंतराचं कोडं सुटतं. वाढीचा डोळा मातीत गेला, की पाणी घातल्यावर त्या घडीत चिखल बसतो, हवा बंद होते आणि डोळा कुजतो. माझी पहिल्या वर्षीची चौदा रोपं अशीच गेली. मी आपला टोमॅटोच्या रोपाच्या हिशोबाने खोल लावत सुटलो होतो. टोमॅटोच्या गाडलेल्या खोडाला मुळं फुटतात, त्यामुळे तिथे ते चालतं. स्ट्रॉबेरीला नाही. रोप लगेच मरत नाही, हेच वाईट. आठ-दहा दिवस ते तसंच हिरवं उभं राहतं आणि आपण खूश असतो. मग मधलं पान ओढलं की अलगद हातात येतं, बुडाशी तपकिरी आणि कुबट.

उलट बाजूलाही खड्डा आहे. डोळा वाचवायच्या नादात रोप फार वर बसवलं, तर क्राऊनचा खालचा भाग उघडा पडतो. नवीन मुळं तिथून फुटणार असतात; ती हवेत निघतात आणि सुकतात. रोप जुन्या, तुटक्या मुळांवर चार दिवस तग धरतं आणि वाळतं. म्हणून मातीची रेषा क्राऊनच्या बरोबर मध्यावर यायला हवी: खालचा अर्धा मातीत, वरचा अर्धा उजेडात, डोळा पूर्ण मोकळा.

आणखी एक गोष्ट या छोट्याशा खोडात असते, ती म्हणजे शिदोरी. स्टार्चच्या रूपात साठवलेलं अन्न क्राऊनमध्ये आणि जाड मुळांमध्ये असतं. लावल्यानंतरचे पहिले दोन आठवडे रोप जमिनीतून फारसं काही घेत नाही, ते या डब्यावर जगतं. म्हणून रोप निवडताना पानांच्या हिरवेपणाला भुलू नका, क्राऊन दाबून बघा. पेन्सिलीएवढा किंवा त्याहून जाड, टणक हवा. मुळं बाहेरून पिवळसर-तपकिरी आणि नखाने खरवडल्यावर आत पांढरी असावीत. काळी पडलेली, दाबल्यावर साल सुटणारी मुळं असलेलं रोप बाजूला ठेवा. शंका आली तर जुडीतलं एक रोप बळी द्यायचं: क्राऊन ब्लेडने उभा चिरायचा. आत दुधट पांढरा दिसला तर जुडी चांगली. लालसर-तपकिरी डाग किंवा पट्टे दिसले तर त्यात बुरशी शिरलेली आहे, आणि मग कितीही खत घाला.

लावणीची संध्याकाळ

आधी तारीख. महाबळेश्वरात सप्टेंबरमध्ये लावतात म्हणून पुण्यातही सप्टेंबरमध्ये लावायची घाई करू नये. तिथली उंची साधारण 1,350 मीटर, आणि आपल्या वाट्याला ऑक्टोबर हीट. दुपारी बत्तीस-तेहतीस अंशांत तुटक्या मुळांचं रोप म्हणजे शिक्षाच. मी दसरा-दिवाळीच्या मध्ये, साधारण 20 ऑक्टोबर ते 10 नोव्हेंबर या काळात रात्री जरा गार वाटायला लागल्या की लावतो. त्याहून उशीर झाला तर दुसऱ्या टोकाला मार बसतो, कारण मार्चच्या उन्हात झाड थकतं. म्हणजे आपल्याला जेमतेम चार महिने मिळतात.

नाशिककडच्यांना थोडे जास्त मिळतील, कारण तिथे रात्री चांगल्या गार होतात. मुंबई, कोकण, गोव्यातल्या वाचकांना खोटी आशा दाखवत नाही. तिथे जानेवारीतही रात्र फारशी थंड नसते. झाड जगेल, पानं येतील, चार फळं मिळतील, पण ती कौतुकाची.

थंडीचा एवढा आग्रह का, ते एकदा सांगून टाकतो. स्ट्रॉबेरी फुलं कधी धरायची हे दिवसाच्या लांबीवरून आणि गारव्यावरून ठरवते. अमेरिकन लेखांत 'जूनमध्ये फळणाऱ्या' आणि 'दिवसाच्या लांबीशी देणंघेणं नसलेल्या' अशा जातींची वर्गवारी असते. पहिल्या गटाला फूल धरायला साधारण चौदा तासांपेक्षा लहान दिवस लागतो. पुण्यात वर्षातला सगळ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो! म्हणजे दिवस आपल्याकडे कायमच लहान. खोळंबा होतो तो उष्णतेने. ऊन वाढलं की झाड फुलं धरायचं थांबवून दोऱ्या सोडायला लागतं. त्यामुळे 'जूनमध्ये फळणारी' जात आपल्याकडे जानेवारीत फळते, आणि परदेशी पाकिटावरचं वेळापत्रक निरुपयोगी ठरतं. जात निवडताना कमी थंडीत भागणारी बघावी. स्वीट चार्ली आणि विंटर डॉन या फ्लोरिडा विद्यापीठाच्या जाती याच हेतूने काढलेल्या आहेत. कॅमारोसा आणि नाबिला याही आपल्या भागात रुळलेल्या. हौशी माणसाने स्वीट चार्लीपासून सुरुवात करावी असं माझं मत. फळ नाजूक, वाहतुकीला वाईट; पण आपल्याला अंगणातून स्वयंपाकघरापर्यंतच न्यायचं आहे.

जागा सकाळी पाच-सहा तास ऊन लागणारी हवी. मागच्या हंगामात जिथे टोमॅटो, वांगी, मिरची किंवा बटाटे होते तो कोपरा टाळा, त्यांचे काही मातीतले रोग स्ट्रॉबेरीलाही लागतात. जमिनीत लावत असाल तर वीतभर उंच गादीवाफा करा. काळ्या मातीत सपाट लावलं तर पाणी क्राऊनपाशी साचतं आणि आपण पुन्हा पहिल्या चुकीपाशी येतो. कुंडीत असेल तर आठ-दहा इंच रुंदीच्या कुंडीत एकच रोप. खोलीची फार गरज नाही, बहुतेक मुळं वरच्या वीतभरातच राहतात. त्याचा अर्थ वरची वीत वाळली की झाड संकटात.

मातीत मी एक भाग पोयट्याची माती, एक भाग कोकोपीट, एक भाग जुनं, पूर्ण कुजलेलं शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड घालतो. कोकोपीट आधी दोनदा भिजवून पिळून घ्यायचं, त्यात मीठ असतं. शेणखत हातात घेतल्यावर मातीसारखं सुटं लागलं पाहिजे. ताजं असेल तर मुळं भाजतात.

आता लावणी. उन्हं कलल्यावर. जुडी सोडवून मुळं बादलीतल्या पाण्यात वीस मिनिटं बुडवायची. रात्रभर नाही, मुळांनाही श्वास लागतो. पाण्यात ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) पावडर घातली तर चांगलंच. मळकी, पिवळी पानं कात्रीने काढून दोन-तीन तरणी पानं ठेवायची. पानं जितकी जास्त तितकं पाणी उडणार. मुळं वीतभरापेक्षा लांब असतील तर दहा-बारा सेंटिमीटरवर कापा. माझ्या आईला हे बघवत नव्हतं, पण लांब मुळं खड्ड्यात कोंबली की ती दुमडून टोकं वर येतात, आणि वर वळलेलं मूळ खाली जायचं विसरतं. कापलेल्या टोकाशी मात्र नवी मुळं फुटतात.

खड्ड्याच्या तळाशी मातीची छोटी ढेकळी करा, गणपतीच्या मोदकाएवढी. तिच्या माथ्यावर क्राऊन टेकवा आणि मुळं चारी बाजूंनी खाली सोडा, घागऱ्यासारखी. मग कडेने माती लोटा आणि बोटांनी दाबा. नुसती लोटून ठेवू नका. मुळांना माती चिकटली नाही तर आत पोकळ्या राहतात आणि मूळ तिथे वाळतं. रोपाचं एक पान धरून हलकेच ओढून बघायचं. पान तुटलं पण रोप हललं नाही, म्हणजे दाब बरोबर. पाणी घातल्यावर माती बसते आणि क्राऊनची पातळी बदलते, म्हणून पहिल्या पाण्यानंतर प्रत्येक रोप पुन्हा बघायचं. मी यासाठी जुनी आइस्क्रीमची काडी ठेवली आहे: डोळ्यात गेलेली माती तिने कोरून काढतो. दोन रोपांत फूटभर अंतर.

पहिले पंधरा दिवस

या दिवसांत रोपाला पाणी पिता येत नाही, हे लक्षात ठेवलं की बाकी आपोआप सुचतं. मुळांशी बादलीभर ओतून उपयोग नाही. पिणारी बारीक मुळं अजून यायची आहेत. पानांतून उडणारं पाणी कमी करणं एवढंच आपल्या हाती. फ्लोरिडातले शेतकरी पानांसकट उघड्या मुळांची रोपं लावतात तेव्हा पहिले दहा-बारा दिवस दिवसा तुषार चालू ठेवतात, तो याच कारणासाठी. आपण शेडनेट किंवा जुनी सुती साडी बांबूवर ताणून दुपारची सावली करायची आणि अकरा ते चारमध्ये दोन-तीनदा पानांवर स्प्रेने पाणी मारायचं. मातीला सकाळी एकदा, झारीने.

जुनी पानं तरीही माना टाकतील. टाकू द्या. मी पहिल्या वर्षी पान वाळलं की घाबरून आणखी पाणी घालायचो. नजर मधल्या डोळ्यावर ठेवायची. आठव्या-दहाव्या दिवशी तिथे पंख्यासारखी मिटलेली, कडांना लव असलेली, पोपटी घडी दिसते. ती उलगडली की सावली काढायची, पण एकदम नाही, दोन-तीन दिवसांत.

त्यानंतर पाण्याची प्रत बघायला लागा, कारण पुणेकर इथे हमखास मार खातात. स्ट्रॉबेरीला किंचित आंबट माती आवडते, साधारण साडेपाच ते साडेसहा सामू (पीएच), आणि क्षार अजिबात सोसत नाहीत. महाबळेश्वरची तांबडी माती त्यामुळेच तिला मानवते. आपली काळी माती आणि बोअरचं पाणी दोन्ही उलट्या बाजूचे. कुंडीच्या काठाला पांढरी कड धरली, पानांच्या कडा करपल्या, की समजायचं क्षार साचले. नवी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या दिसल्या तर लोह कमी पडतंय. बहुधा मातीत लोह असतं, पण अल्कधर्मी मातीत झाडाला ते उचलता येत नाही. चिलेटेड, म्हणजे झाडाला उचलता येईल अशा रूपातल्या लोहाची हलकी फवारणी करून तात्पुरतं निभावतं. शक्य असेल तर नळाचं पाणी द्या, आणि पंधरवड्यातून एकदा कुंडीच्या बुडातून भरपूर वाहून जाईल इतकं घाला, म्हणजे क्षार धुपतात. पाणी वाया जाऊ नये म्हणून आरओ यंत्रातून बाहेर पडणारं पाणी कुंड्यांना घालायची आपल्याकडे पद्धत पडली आहे. हेतू चांगला, पण त्या पाण्यात गाळून राहिलेले सगळे क्षार एकवटलेले असतात. ते फरशी पुसायला वापरा.

खत बेताचं. महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत पुरतं. युरिया दिला तर पालेभाजी पिकवल्यासारखी पानं येतात आणि फळ पचपचीत.

पहिली फुलं आली की ती खुडायची का, हा घराघरातला वाद. माझी मावसबहीण न्यू जर्सीला असते, तिला एप्रिलमध्ये टपालाने झोपलेली रोपं येतात आणि ती पहिल्या वर्षी एकही फूल ठेवत नाही. झाड वर्षभर वाढवते, हिवाळ्यात पेंढ्याखाली झाकते, पुढच्या जूनला फळं घेते. तिथे ते बरोबर आहे. इथे पुढचा जून बघायला झाड राहतं की नाही याचाच भरवसा नाही. मी पाच चांगली पानं येईपर्यंत आलेली फुलं काढतो, म्हणजे साधारण नोव्हेंबरअखेरपर्यंत, आणि मग हात आवरतो. दोऱ्या मात्र दिसल्या की तोडायच्या, हंगामभर. एका झाडाला एकाच वेळी पोरंही वाढवायची आणि फळंही भरायची, हे जमत नाही.

फुलं येऊ लागली की मातीवर भाताचा पेंढा किंवा वाळलं गवत पसरा. पूर्वी महाबळेश्वरला गवतच घालायचे, आता काळा किंवा चंदेरी मल्चिंग पेपर असतो. ओल्या मातीला टेकलेलं फळ एका रात्रीत बुळबुळीत होतं. कुंडीत फळ काठावरून बाहेर लोंबतं, तिथे पेंढ्याची फार गरज नाही.

वाकडं फळ

गेल्या जानेवारीत शेजारच्या काकू एक फळ घेऊन आल्या. एका बाजूने टपोरं, दुसऱ्या बाजूने चिमटलेलं, आणि चिमटलेल्या भागात बारीक बिया दाटीवाटीने. "कीड लागली का रे?" कीड नव्हती, मधमाश्या कमी पडल्या होत्या. स्ट्रॉबेरीच्या अंगावर जे दाणे दिसतात, वनस्पतिशास्त्राच्या हिशोबाने तीच खरी फळं. लाल गर म्हणजे फुलाचं फुगलेलं बूड. प्रत्येक दाण्याला वेगळा पराग लागतो. पराग मिळालेला दाणा संप्रेरक सोडतो आणि त्याच्याभोवतीचा गर फुगतो; ज्याला मिळाला नाही त्याच्याभोवतीचा तसाच राहतो. काकूंच्या झाडाला भिंतीच्या आत, खिडकीच्या जाळीमागे ठेवलेलं होतं. तिथे माशी येणार कुठून? रंगाच्या मऊ ब्रशने सकाळी दहाच्या सुमारास फुलाच्या मधोमध आणि कडेने गोल फिरवलं की काम होतं, रोज, तीन दिवस. अंगणात तुळस फुलावर सोडली तर तेही करावं लागत नाही. महाबळेश्वर तालुक्यातलंच मांघर 2022 मध्ये 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं. एकाच तालुक्यात मध आणि स्ट्रॉबेरी दोन्ही, ही सोय चांगलीच आहे.

परागाचा हा हट्ट जुना आहे. 1714 मध्ये फ्रेझिए नावाचा फ्रेंच अधिकारी चिलीमधल्या स्पॅनिश किल्ल्यांचे नकाशे काढायच्या कामावरून परतला तेव्हा बरोबर तिथल्या टपोऱ्या स्ट्रॉबेरीची रोपं घेऊन आला. सहा महिन्यांच्या बोटीत पाच जगली. फ्रान्समध्ये ती छान वाढली, फुलली, पण फळ धरेना, कारण त्या जातीत नर-मादी झाडं वेगळी असतात आणि त्याने टपोरी फळं बघून निवडलेली सगळी मादी निघाली. पुढे शेजारच्या वाफ्यात उत्तर अमेरिकेतली दुसरी स्ट्रॉबेरी आली, तिचा पराग लागला, आणि त्या संकरातून आपण आज खातो ती निपजली. 1766 मध्ये द्युशेन या तरुण वनस्पतिशास्त्रज्ञाने हा संकर ओळखला. म्हणजे महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरी-क्रीमचे आईबाप दोन अमेरिकांचे आणि लग्न फ्रान्सात लागलेलं.

फुलापासून लाल फळापर्यंत साधारण चार आठवडे. या काळातले शत्रू: पानांच्या खाली बारीक जाळं करणारे लाल कोळी (पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा, दर दोन दिवसांनी), ओलाव्यात फळावर करड्या लोकरीसारखी वाढणारी बुरशी (फळ लगेच काढून अंगणाबाहेर टाका), रात्री गोगलगायी, आणि सकाळी बुलबुल. बुलबुलाचा अंदाज दांडगा. आपण 'उद्या तोडू' म्हणतो ते फळ तो आज नेतो. जाळी टाकण्याशिवाय उपाय नाही, आणि जाळी फुलांच्या वेळी नाही, फळ रंग धरायला लागल्यावर, नाहीतर मधमाश्याही बाहेर.

तोडताना देठाशी पांढरं राहिलेलं फळ 'पिकेल दोन दिवसांत' म्हणून तोडू नका. आंबा अढीत पिकतो, स्ट्रॉबेरी नाही. तोडल्यावर रंग थोडा गडद होईल, गोडी वाढत नाही. बाजारातल्या प्लास्टिकच्या डबीतली कित्येक फळं दिसायला लाल आणि चवीला आंबट का असतात, याचं निम्मं उत्तर हेच आहे. प्रवास सोसावा म्हणून ती आधी तोडलेली असतात. घरची फळं देठापर्यंत पूर्ण लाल होऊ द्यायची आणि सकाळी गारव्यात, देठ नखाने चिमटून काढायची. ओढलं तर आख्खा घोस येतो. धुवायची ती खायच्या वेळीच. मला एका झाडामागे हंगामात पाव किलोच्या आसपास मिळतं, महाबळेश्वरच्या शेतकऱ्याला हे ऐकून दया येईल. अठरा झाडं म्हणजे चार-साडेचार किलो, दोन महिन्यांत, रोज वाटीभर. त्यातली निम्मी उभ्याउभ्या अंगणातच संपतात.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात फळं सुपारीएवढी होतात आणि झाडं दोऱ्यांच्या मागे लागतात. यंदा मी चार झाडांच्या दोऱ्या तोडल्या नाहीत. बाळ रोपं मातीने भरलेल्या दुधाच्या पिशव्यांवर केसांच्या आकड्यांनी टाचली आणि आंब्याच्या सावलीत ठेवली. अकरा पिशव्या भरल्या. मे महिना नऊ जणांनी काढला. जुलैच्या पावसात, पत्र्याखाली ठेवूनही, पाच गेल्या. क्राऊन चिरून बघितला तर आत तांबूस पट्टा. उरलेल्या चार आता ऑक्टोबरात मोकळ्या करून, मुळं धुऊन, वाईच्या नव्या जुडीशेजारी लावणार आहे. आईने आपणहून वर्तमानपत्र भिजवून ठेवलंय.